पूर्वसमुद्राचे वादळ मांजरेच्या काठी

श्रोतेहो, वैशाखाच्या उकाड्यात, झाडाचे पान हलत नाही अशा संध्याकाळी आम्ही भाद्रपद-आश्विनातल्या वादळाचा विषय घेऊन उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. वादळ ही कोकणपट्टीची बाब, फार तर आंध्र-ओरिसाच्या किनाऱ्याची. नांदेड-लातूरचा तिच्याशी काय संबंध, असेही कोणी विचारील. विचारणाऱ्याचे चुकते असे नाही. आमच्याकडे परिषदा होतात त्या टंचाईवर आणि मोर्चे निघतात ते घागरींचे. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले आणि त्या गाडीची छायाचित्रे देशभर छापून आली. असल्या तहानेल्या मुलखाने वादळांचा इतिहास कशाला चाळावा?

चाळावा अशासाठी की आमच्या पावसाचा मोठा वाटा पूर्वेच्या समुद्रातून येतो. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि उरलेसुरले आमच्यापर्यंत पोचतात. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच. जून-जुलैत आम्ही आभाळाकडे बघत बसतो. पुढे बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे होऊ लागली आणि ती जमिनीवरून पश्चिमेकडे सरकू लागली, की आमच्या विहिरींना पाणी चढते. म्हणजे जे आमचा तारणहार आहे तेच कधी कधी आमच्या दारात दरोडेखोर होऊन येते. बहुधा उत्तरा नक्षत्र सरताना आणि हस्त लागताना येते. आमच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक होते. हस्ताला ते 'हत्ती' म्हणत आणि त्या पावसाला भीत. सहदेव-भाडळीच्या नावावर जे ठोकताळे गावोगाव चालत आले, त्यांत उगवतीच्या विजेला आणि फिरलेल्या वाऱ्याला जागा आहे. आम्ही त्या ठोकताळ्यांची टिंगल करणाऱ्यांतले नाही. पण त्यांत एक उणीव होती. वीज उगवतीला चमकली एवढे म्हातारा सांगू शके. ती वीज ज्या वादळाची, ते किती कोसांवर आहे आणि कोणत्या वेगाने येते आहे, हे त्याच्या डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते. एका माणसाच्या डोळ्यांत वादळ मावत नाही. ते बघायला शेकडो डोळे लागतात आणि त्या शेकडोंनी एकमेकांना सांगावे लागते. वादळ समजून घेण्याचा सारा इतिहास या सांगण्याचा आहे.

या इतिहासातली पहिली मोठी नावे हवामानखात्यातल्या नोकरांची नाहीत, कारण तसले खाते त्या वेळी नव्हतेच. कलकत्त्याला हेन्री पिडिंग्टन नावाचा एक इंग्रज होता. आयुष्याचा पहिला भाग त्याने व्यापारी जहाजांवर काढला. पुढे कलकत्त्यास स्थायिक होऊन तो खनिजांच्या संग्रहालयाची व्यवस्था पाहू लागला आणि जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा अध्यक्षही झाला. वादळांचा अभ्यास त्याने स्वतःच्या हौसेने केला. त्याची रीत साधी होती. बंदराला लागलेल्या प्रत्येक जहाजाची रोजनिशी तो मागून घेई. कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला, कोणत्या ठिकाणी वारा कोठून वाहत होता आणि वायुभारमापकाचा पारा किती उतरला होता, हे तो टिपून घेई. एका कप्तानाला दिसलेले वादळ म्हणजे नुसता गोंधळ; पण पंधरा कप्तानांच्या नोंदी एका नकाशावर मांडल्या की वारा एका केंद्राभोवती फिरताना स्पष्ट दिसे. या फिरण्यावरून, वेटोळे घातलेल्या सापाच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, त्याने 'सायक्लोन' हा शब्द बनवला आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तो रूढ केला. त्या पुस्तकासोबत शिंगाचे पातळ पारदर्शक पत्रे असत, त्यांवर वाऱ्याची वर्तुळे काढलेली. खलाशाने पत्रा समुद्राच्या नकाशावर ठेवायचा, अंगावर येणारा वारा त्यातल्या बाणाशी जुळवायचा आणि वादळाचे केंद्र कोणीकडे आहे ते पाहून जहाज दुसरीकडे वळवायचे. अक्षरओळख बेताची असलेल्या माणसालाही वापरता यावे असे ते साधन होते. विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेली पुस्तके आम्ही पुष्कळ चाळली. म्हणून या शिंगाच्या पत्र्याचे आम्हांला विशेष कौतुक वाटते.

याच पिडिंग्टनने १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसीला एक जाहीर पत्र लिहिले. कलकत्त्याच्या दक्षिणेस मातला नदीवर नवे बंदर उभारण्याचा सरकारचा बेत होता. पिडिंग्टनने बजावले, की त्या जागी एखाद्या वादळात समुद्र आत घुसेल आणि वस्ती पाच ते पंधरा फूट पाण्याखाली जाईल. पत्राकडे कोणी लक्ष दिले नाही. बंदर उभे राहिले, त्याला कॅनिंगचे नाव दिले गेले. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला आणि १८६७ च्या नोव्हेंबरात वादळाने ते बंदर धुऊन नेले. त्याच नोव्हेंबरात कलकत्त्याच्या सेंट झेवियर कॉलेजात फादर लाफाँ नावाचा बेल्जियन पाद्री गच्चीवरच्या कामचलाऊ वेधशाळेत रोज पारा टिपत असे. पारा ज्या रीतीने उतरला ती पाहून त्याने वादळ येत असल्याची वर्दी अधिकाऱ्यांना दिली आणि तिच्यामुळे माणसे वाचली. एकाच महिन्यातल्या या दोन गोष्टी. एकीकडे इशारा चौदा वर्षे आधी मिळूनही वाया गेला, दुसरीकडे थोडाच वेळ आधी मिळून कामी आला.

मधल्या काळात १८६४ चे साल येऊन गेले होते. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला कलकत्त्यावर आलेल्या वादळाने आणि हुगळीच्या तोंडातून घुसलेल्या लाटेने पन्नास हजारांच्या आसपास माणसे घेतली. महिना उलटला नाही तोच मच्छलीपट्टणवर दुसरे वादळ आले आणि तिथेही हजारो बुडाले. तेव्हा कुठे सरकारला जाग आली. बंदरांना इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड याच्या हाताखाली हिंदुस्थानचे हवामानखाते निघाले. ते निघू शकले तारायंत्रामुळे. वादळ स्वतःच्या केंद्राभोवती कितीही जोरात फिरो, त्याची पुढची चाल मंद असते. सायकलवर बसलेला माणूस जेवढा जातो तेवढीच पुष्कळदा असते. तार त्याच्या पुढे धावते. जिथे तार पोचते तिथे माणसाला वादळाच्या आधी कळू शकते. पण बंदरापर्यंत तार होती, बांधापर्यंत नव्हती, आणि किनारा ओलांडून आत आलेल्या वादळाची विचारपूस फारशी कोणी करीत नसे. जहाजे बुडू नयेत म्हणून ही सारी खटपट होती. जहाजांना मालक होते आणि मालाचा विमा होता.

आत आलेले वादळ काय करू शकते हे आमच्या त्या वेळच्या राजधानीने १९०८ साली पाहिले. नांदेड, लातूर, सगळा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या सप्टेंबरात बंगालच्या उपसागरातले एक वादळ तेलंगणावर येऊन रेंगाळले आणि २८ तारखेला हैदराबादेत मुसी नदीने शहराच्या मध्यभागातून वाट काढली. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या घरात सांगतात. मुसीच्या पाणलोटात ७८८ तळी होती, त्यांपैकी २२१ फुटली. एक फुटले की त्याचे पाणी खालच्यावर आणि तेही फुटायचे. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेवर दीडशे माणसे चढून वाचली असे सांगतात. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात नंतर शंभर वर्षांहून अधिक काळ लोक दाखवीत आले. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्या पुरात गेली आणि ते एकटे वाचले. हैदराबादेत या पुराला 'तुग्यानी' म्हणतात. पुढच्या वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी पहिल्याने पावसाचे आकडे गोळा केले, मग नदीच्या वरच्या अंगाला धरणे सुचवली आणि त्यांतून पुढे उस्मानसागर व हिमायतसागर झाले. राजधानीची व्यवस्था लागली. मराठवाड्याच्या नद्यांना तसले विश्वेश्वरय्या कोणी पाठवले नाहीत, पण तो दुसऱ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता वादळ आश्विनाच्याच सुमारास का, आणि समुद्र सोडल्यावर त्याचे काय होते, हे थोडक्यात सांगतो. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. कामगार सभेच्या कचेरीत रात्री कंदिलापाशी आणि पुढे दिव्यापाशी जे वाचले ते आमच्या भाषेत मांडतो. वादळाला ऊन समुद्र लागतो. समुद्राची वाफ वर जाऊन तिचे पाणी होते, त्या वेळी जी उष्णता सुटते तिच्यावर वादळ जगते. पण नुसती उष्णता पुरत नाही. आषाढ-श्रावणात खालचा वारा नैर्ऋत्येचा असतो आणि वरचा जोरदार वारा पूर्वेचा. त्यामुळे वाफेचा उभा खांब मोडला जातो, वादळाला नीट बाळसे धरता येत नाही. पावसाळा परतू लागला की ही ओढाताण कमी होते, समुद्र अजून ऊनच असतो आणि वादळांचा हंगाम सुरू होतो. जमिनीवर आल्यावर वाफेचा पुरवठा तुटतो, डोंगर-झाडांच्या घर्षणाने वारा मंदावतो. किनाऱ्यावर छपरे उडवणारे वादळ नांदेडला पोचेपर्यंत झाडाची फांदीही नीट मोडू शकत नाही. लोक म्हणतात, वादळ विरले. वारा विरतो, पाणी विरत नाही. पोटात घेतलेली वाफ तशीच असते आणि मराठवाड्याच्या जवळ आले की पश्चिमेच्या समुद्राची ओलही ते आपल्याकडे ओढून घेते. पश्चिमेकडे जाणाऱ्या अशा वादळाच्या डाव्या अंगाला, म्हणजे दक्षिण-नैर्ऋत्येला, सर्वांत जोराचा पाऊस पडतो. तेव्हा वादळ आदिलाबाद-यवतमाळवरून जात असले तर नांदेड-लातूरने निश्चिंत राहू नये; मार त्यांनाच बसायचा असतो.

किनाऱ्याने या बाबतीत शिक्षण घेतले, फार महाग फी भरून घेतले. १९७७ च्या १९ नोव्हेंबरला आंध्रात दिवीसीमेवर दहा हजारांहून अधिक माणसे गेली. १९९९ च्या २९ ऑक्टोबरला ओरिसात पुन्हा दहा हजारांच्या आसपास. त्यानंतर ओरिसाने निवारे बांधले, गावोगाव माणसे शिकवून तयार केली, इशारा मिळाला की कोणी कोणाला हलवायचे हे आधी ठरवून ठेवले. २०१३ च्या १२ ऑक्टोबरला गोपाळपूरला त्याच तोलाचे 'फायलिन' वादळ आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलवलेली होती आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. उपग्रह १९९९ मध्येही होते, रडारही होते. वाढले ते गावातले सांगणारे आणि ऐकून उठणारे.

किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या आमच्या भागाने असले शिक्षण कधी घेतले नाही. म्हणून २०२१ ची गोष्ट जरा सविस्तर सांगावीशी वाटते.

त्या वर्षी २४ सप्टेंबरच्या सुमारास उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र झाले आणि २५ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, त्याचे वादळ होऊन त्याला 'गुलाब' हे नाव मिळाले. नावाचे हसू येते खरे. उत्तर हिंदी महासागराकाठच्या तेरा देशांनी प्रत्येकी तेरा नावे देऊन ठेवली आहेत, पाळीपाळीने ती वापरतात. हे नाव पाकिस्तानचे. रविवारी, २६ तारखेच्या संध्याकाळी, ते आंध्रातल्या कलिंगपट्टणपाशी किनाऱ्यावर आले. वारा ताशी ७५ ते ८५ किलोमीटर. मोठ्या वादळांच्या हिशेबी काही फार नाही. वर्तमानपत्रांचे लक्ष किनाऱ्यावर होते, आणि वादळ जमिनीवर आले म्हटल्यावर ती बातमी संपल्यासारखी झाली.

आमच्या ओळखीत मात्र तीन-चार तरुणांचे लक्ष तेव्हा सुरू झाले. मोंढ्यातल्या एका मापाड्याचा मुलगा, खताच्या दुकानात हिशेब लिहिणारा. एक प्राथमिक शिक्षक. एक रिक्षा चालवणारा. यांना वादळांचा नाद आहे. सरळ भिंतीच्या प्लास्टिकच्या बाटलीचे तोंड कापून, तेच उलटे नरसाळ्यासारखे बसवून त्यांनी आपापल्या घरी पर्जन्यमापक केले आहे. भिंती सरळ असल्या की आत किती मिलिमीटर उंचीचे पाणी साठले तेवढे मिलिमीटर पाऊस, पट्टी लावून मोजता येतो. त्यांच्याजवळ वही आहे. हवामानखात्याच्या संकेतस्थळावर उपग्रहाची चित्रे अर्ध्या-अर्ध्या तासाने येतात, ती ते मोबाइलवर पाहतात. रडारचे चित्र त्यांना अपुरे मिळते. त्या वर्षी मराठवाड्यात खात्याचे स्वतःचे डॉप्लर रडार नव्हते. हैदराबादचे एकीकडे, नागपूरचे दुसरीकडे. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा किरण दोनशे किलोमीटरवर येईतो जमिनीपासून काही किलोमीटर उंच गेलेला असतो आणि खालचे ढग त्याच्या पोटाखालून निसटतात. ही उणीव ते नातेवाइकांना फोन करून भरून काढतात. नांदेडच्या निम्म्या घरांचे सोयरे निर्मल, निजामाबाद, आदिलाबाद या पट्ट्यात आहेत. मावशीला विचारायचे, पाऊस कधी लागला, वारा कुठून आहे, थांबून थांबून येतो की सलग. आम्ही हे पाहिले आणि आम्हांला तो कलकत्त्याचा म्हातारा आठवला, कप्तानांच्या रोजनिश्या मागून घेणारा.

२७ तारखेला सोमवारी शेतकरी संघटनांनी भारत बंद पुकारलेला होता. मोंढा थंड होता, आमची मंडळी सभेच्या कचेरीत जमलेली. त्या दिवशी वादळ दक्षिण ओरिसा, दक्षिण छत्तीसगड ओलांडून तेलंगणात उतरत होते. मापाड्याच्या मुलाने शाळेतला नकाशा टेबलावर पसरून शिसपेन्सिलीने टिंबे मांडली आणि म्हणाला, "काका, हे किनाऱ्यावर संपलं म्हणायलेत लोक, पण हे तर आपल्याकडंच यायलंय. उद्या सकाळपर्यंत इथं राहील." त्याने अंतर मोजून दाखवले. कलिंगपट्टण ते नांदेड सातशे किलोमीटर, आणि चाल ताशी अठरा-वीस. म्हणजे किनाऱ्यावर आल्यापासून छत्तीस तास आमच्या हाती होते, त्यांतले वीस तर सरलेच होते. त्यात गुपित असे काहीच नव्हते. हवामानखात्यानेही मराठवाड्यासाठी अतिवृष्टीचा इशारा दिलेला होता. प्रश्न एवढाच की तो कोणापर्यंत पोचला.

आमच्याने जेवढे झाले तेवढे केले. लातूरच्या बाजारातल्या हमाल-मापाड्यांना फोन गेले. नव्या सोयाबीनची पोती उघड्या ओट्यांवर पडली होती, त्यांवर ताडपत्र्या ओढल्या. एका आडत्याने विचारले, "इथं कुठं समुद्र आलाय, वादळाला घाबरायला?" आणि ताडपत्रीचे भाडे कोण देणार हेही विचारले. त्या एकट्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. शंभरातले ऐंशी जण मनात तेच म्हणत होते. नदीकाठच्या वस्तीत आमच्या काही हमालांची घरे आहेत. तिथल्या बायांनी मात्र ऐकले. त्यांनी पीठ, कागदपत्रे आणि शाळेची दप्तरे माळ्यावर चढवली. पुरात काय भिजते आणि ते पुन्हा मिळवायला किती हेलपाटे पडतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार!

रात्री पाऊस लागला तो सलग. २८ तारखेला मांजरा धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले. तिकडे माजलगावचे अकरा. पाच वर्षांपूर्वी ज्या धरणाच्या तळाशी चिखल उरला होता आणि ज्याच्यामुळे लातूरला आगगाडीचे पाणी प्यावे लागले, त्याच धरणाचे पाणी रेणापूर तालुक्यातल्या गावांत शिरले. सारसा गावी नदीकाठी चाळीसेक माणसे अडकली. त्यांना नावेतून काढण्याचे काम चालले. घनसरगावच्या बंधाऱ्यावर अडकलेल्या तिघांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. नांदेडला विष्णुपुरीचे दरवाजे उघडे, गोदावरी पात्र सोडून बाहेर. ज्याने सोयाबीन कापून सुडी लावली होती त्याची सुडी गेली. ज्याचे उभे होते त्याच्या शेंगेतच दाण्याला मोड आले. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून नागपूर-नांदेड मार्गावरची एस. टी. बस सकाळी पाण्यात वाहून गेली आणि माणसे बुडाली.

त्या बसपाशी आम्ही थांबतो, कारण आमचा धंदाच कामकऱ्यांचा आहे. वादळ कोठे आहे हे दिल्लीला ठाऊक होते, पुण्याला ठाऊक होते, मुंबईला ठाऊक होते, आमच्या मापाड्याच्या पोराच्या मोबाइलवर होते. पुलापाशी आलेल्या चालकाजवळ मात्र फक्त समोरचे गढूळ पाणी होते. असा निर्णय त्या क्षणी एका माणसाच्या अंगावर येऊन पडतो. मागे प्रवासी, पुढे वेळापत्रक. बंधाऱ्याच्या दाराशी रात्री उभ्या असलेल्या रोजंदारीच्या माणसाचे तेच आहे. गुत्त्याने सोयाबीन कापायला घेतलेल्या टोळीचेही तेच: आभाळ काळे झाले म्हणून कोयता खाली ठेवला तर दिवस बुडतो, न ठेवला तर वीज अंगावर पडते. मराठवाड्यात शिवारात विजेने मरणारे बहुतेक याच वर्गातले असतात. आम्ही कित्येक वर्षे मजुरीच्या दराच्या मागण्या मांडल्या, बोनसच्या मांडल्या, हजेरीपत्रकाच्या मांडल्या. २०२१ नंतर आमच्या मागणीपत्रात एक कलम वाढले: अतिवृष्टीचा इशारा लागू असताना कामगाराने धोका पाहून काम थांबवले तर त्याचा रोज कापू नये आणि त्याला जाब विचारू नये. काही ठिकाणी मालकांनी ते हसण्यावारी नेले, एका ठिकाणी मान्य केले. कलम लहान आहे. पण याच्याशिवाय इशारा म्हणजे फुरसत असलेल्यांसाठी चाललेले मनोरंजन होऊन बसते.

ज्ञान आणि सरकारी व्यवस्था यांची आणखी एक गाठ इथे सांगण्यासारखी आहे. महसूल खात्याच्या लेखी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, आणि तो मोजायचा महसूल मंडळाच्या मापकावर. एका मंडळात कित्येक गावे. 'महावेध' योजनेत राज्यभर दोन हजारांच्या वर स्वयंचलित केंद्रे बसली हे चांगलेच झाले. तरी केंद्र ज्या गावात तिथे ६० पडला आणि पाच कोसांवरच्या गावात १०० पडला तर त्या दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याने कोणाच्या पाया पडायचे? पीकविम्याचे त्या वेळचे कलम असे, की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवावे. वीज नाही, मोबाइल बंद, रस्ता पाण्याखाली, आणि घड्याळ मात्र चालू. आमच्या शिक्षकमित्राने तेव्हा आपली वही आणि शेजारच्या चार गावांतल्या बाटल्यांचे आकडे तहसीलला नेऊन दिले. साहेबांनी वही पाहिली, चांगला छंद आहे म्हणाले. असल्या आकड्यांना कायद्यात जागा नाही. जागा असावी, निदान शंका घेण्यापुरती तरी असावी, असे आमचे मत आहे. शाळेतला शिक्षक, ग्रामपंचायतीचा शिपाई, पोस्टमन यांनी रोज सकाळी मोजलेला पाऊस एका तक्त्यावर लिहिणे काही कठीण नाही. कलकत्त्याच्या एका हौशी माणसाने उसन्या रोजनिश्यांवर वादळाचे शास्त्र उभे केले, आणि त्याच्या शब्दावाचून आजही कोणत्याही देशाच्या हवामानखात्याचे पान हलत नाही.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. नाद असलेल्या मंडळींत दोन जाती आहेत. एक जात जे आहे ते पाहते आणि ते कुठे चालले ते सांगते. दुसरी जात महिनाभर आधी तारखा जाहीर करते आणि शेतकरी त्यांवर पेरणी करून बसतो. वादळ उठल्यावर त्याची चार-पाच दिवसांची वाट बऱ्यापैकी सांगता येते, हे आता जगभर सिद्ध झाले आहे. पुढच्या महिन्यात अमुक तालुक्यात अमुक तारखेला पाऊस पडेल हे कोणालाही सांगता येत नाही. आमच्या पोरांना आम्ही एवढेच सांगितले, की मोजलेले सांगा आणि किती खात्री आहे तेही सांगा. रिक्षावाला मित्र तर आता प्रवाशालाच विचारतो, तुमच्याकडं किती पडला, आणि गावाचे नाव लिहून घेतो. त्याच्या या वहीत वळणाचे अक्षर नाही, पण तारखा चुकलेल्या नाहीत.

२०२५ च्या सप्टेंबरातही मराठवाड्याने असाच, किंबहुना अधिक भयंकर पाऊस पाहिला. मांजरा, सीना, गोदावरी सगळ्याच उफाळल्या आणि लाखो हेक्टरांवरची पिके गेली. महिन्याच्या अखेरच्या दिवसांत पूर्वेचा कमी दाब पुन्हा गोपाळपूरपाशी जमिनीवर आला आणि त्याच वाटेने आमच्याकडे सरकला. या वेळी मोंढ्यातल्या ताडपत्र्या आदल्या दिवशी बाहेर निघाल्या होत्या. भाडे कोणी द्यायचे यावरून वाद झालाच. तो निम्मे-निम्मे यावर मिटला.

'गुलाबा'चे पुढे काय झाले हे आम्हांला पुष्कळ जण विचारतात. मराठवाड्यावर पाणी टाकून ते गुजरातेवरून पश्चिमेच्या समुद्रात उतरले. ऊन पाणी मिळताच त्याला पुन्हा जीव आला, १ ऑक्टोबरला त्याचे नव्याने वादळ झाले आणि नावही नवे मिळाले, कतारने दिलेले 'शाहीन'. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या बातिना किनाऱ्यावर धडकले. एका समुद्रात जन्मून, अख्खा देश ओलांडून, दुसऱ्या समुद्रापलीकडे मरणारी वादळे थोडी असतात. ओमानात हिंदुस्थानी मजूर लाखांनी आहेत, मराठवाड्यातलेही आहेत. लातूरकडच्या एका हमालाचा भाऊ तिकडे बांधकामावर होता. मापाड्याच्या मुलाने २ तारखेला त्याला फोन लावून विचारले, वारा कुठून आहे. पलीकडून उत्तर आले, की आज काम बंद ठेवलंय, मुकादमानं सगळ्यांना खोल्यांत बसायला सांगितलंय. ते त्याने वहीत लिहून ठेवले आहे.